दुसरा हात

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मी पक्की कॉन्व्हेंटची! शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि रिपोर्ट कार्डवरचे सगळ्यात कमी मार्क. कुणी 'एकोणऐंशी' म्हटलं की सेव्हंटी नाइन की एटी नाइन, असा गोंधळ माझ्या डोक्यात अजूनही होतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाच्या माथी, बाकीच्या माझ्या! पण जे सांगायचंय ते इंग्लिशमध्ये मला लिहिताच येईना. दोनदा बसले. दोन्ही वेळा 'फडताळ' या शब्दापाशीच गाडी अडली.

तर ही गोष्ट त्या फडताळाची. म्हणजे आजी त्याला फडताळ म्हणते, बाबा जाळीचं कपाट म्हणतात आणि आई गेली काही वर्षं 'ते बाल्कनीतलं धूड' म्हणायची.

साडेपाच फूट उंच, साडेतीन फूट रुंद, सगळं सागवानी. वरच्या भागाला जाळीची दोन दारं, मधे दोन ड्रॉवर, खाली भरीव लाकडाची दोन दारं. आजीच्या सासूबाईंनी ते करून घेतलेलं, म्हणजे १९६९ साली आजी लग्न होऊन चिपळूणच्या घरात आली त्याच्याही आधीपासून ते तिथे उभं होतं. वरच्या जाळीत दूध, दही, उरलेली भाजी. हवा खेळती राहायची, पण माश्या आणि मांजर बाहेर. चार पायांखाली चार दगडी वाट्या आणि त्यांत पाणी, म्हणजे मुंग्यांना वर चढायला रस्ताच नाही. मला ही आयडिया कळली तेव्हा जाम आवडली होती. वीज नाही, मोटर नाही, बिल नाही. फक्त वाट्यांतलं पाणी आटलं की घालायचं.

या कपाटानं दोन पूर पाहिले. पहिला २६ जुलै २००५ चा. त्या दिवशी मुंबई बुडाली म्हणून ती तारीख सगळ्यांच्या लक्षात आहे, पण चिपळूणमध्येही वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं. मी २००५ चीच. तो पूर आला तेव्हा मी पुण्यात पाळण्यात होते. दुसरा पूर २२ जुलै २०२१ चा. तेव्हा आजोबा जाऊन सात वर्षं झाली होती आणि आजी एकटी राहत होती. रात्रभर पाऊस, पहाटे पाणी. शेजारच्यांनी तिला वेळेवर त्यांच्या माडीवर नेलं म्हणून ती वाचली. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर कपाट स्वयंपाकघराच्या दारात उताणं पडून अडकलेलं! साग पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे ते तरंगत तिथपर्यंत गेलं होतं.

त्यानंतर बाबा आजीला पुण्याला घेऊन आले. घरातल्या गाद्या, पेट्या, कागद, फोटो, सगळं चिखलात गेलं होतं. "काय काय आणायचं?" असं बाबांनी विचारल्यावर आजीनं एकच गोष्ट सांगितली. महिन्याभरानं टेम्पोतून फडताळ आलं, चौथ्या मजल्यावर चार माणसांनी चढवलं आणि आमच्या किचनमध्ये सगळ्या ट्रॉल्या असल्यामुळे बाल्कनीत गेलं. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली.

आजी पुण्याला आल्यापासून कमी बोलायची. टीव्ही लावून दिला तर बघायची, बंद केला तर बंद. जेवायला बोलावलं की यायची. "तुमचं चालू द्या" हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि खरं सांगायचं तर आमचं खरंच चालू होतं. बारावी, सीईटी, ॲडमिशन, सबमिशन, ओरल्स... मी आणि आजी एकाच खोलीत झोपायचो, पण आमच्या बोलण्यात "झोपलीस का?" आणि "लाइट बंद कर गो" याच्यापलीकडे फारसं काही नसायचं. पुराबद्दल तर ती एक अक्षरही बोलायची नाही. आम्हीही विचारायचो नाही. आपण उगाच कशाला आठवण काढा, असं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात बाल्कनीला ग्रिल बसवायचं ठरलं आणि धुडाचा प्रश्न आला. बाबा म्हणाले, जुन्या फर्निचरवाल्याला देऊन टाकू, साग आहे, बरे पैसे येतील. आजी म्हणाली, "तुमचं चालू द्या." पण त्या दिवशी ती जेवताना दोनदा बाल्कनीकडे बघत होती. मी बघितलं. परीक्षा नुकतीच संपली होती, तीन आठवडे मोकळे होते. मी म्हटलं, "देऊ नका. मी रंगवते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ठसक्यात सांगितलं, "केमिकलला आहे मी. कोटिंग्जवर आख्खं चॅप्टर होतं आम्हाला!"

चॅप्टर होतं हे खरं. त्यात मला किती मार्क पडले हे इथे महत्त्वाचं नाही.

मग मी रात्री जागून व्हिडिओ बघितले. अमेरिकेतल्या बायका आजीचं जुनं कपाट घेतात, त्याला पांढराशुभ्र रंग देतात आणि मग कडांवरचा रंग पुन्हा घासून काढतात, म्हणजे ते 'जुनं' दिसतं. मला फार भारी वाटलं. आजीला मोबाईलवर दाखवलं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मुद्दाम खरवडायचा? मग लावायचाच कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पांढरा रंग मी मनात पक्का केला होता.

हार्डवेअरच्या दुकानात पहिली परीक्षा झाली. मी म्हटलं, "अंकल, सँडपेपर, पुटी आणि पुटी नाइफ." त्यांनी आत ओरडून सांगितलं, "पॉलिश पेपर, लांबी आणि पत्ती काढ रे!" तेव्हा कळलं की ज्याला मी 'कोट' म्हणत होते त्याला रंगारी 'हात' म्हणतात. प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात. आणि पॉलिश पेपरचा नंबर जितका लहान तितका तो खरखरीत. ८० नंबर जुना रंग फाडून काढतो, २२० नंबर गालासारखं मऊ करतो. अंकलनी एक चांगला सल्ला दिला. जुना ऑइल पेंट आहे तर कोरडा घासू नका, काळा वॉटर पेपर घ्या आणि पाणी लावून घासा. त्यामागचं कारण मला माहीत होतं. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, रंगद्रव्यातही आणि तो लवकर वाळावा म्हणून घातलेल्या ड्रायरमध्येही. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासला की ती धूळ नाकातोंडात जाणार. म्हणून मास्क, हातमोजे, ओला पेपर, सगळं घेतलं. एकदम प्रोफेशनल!

कोटिंग्जच्या चॅप्टरमधलं एक वाक्य मला पाठ होतं. रंग खराब होतो तो बहुतेक वेळा रंगामुळे नाही, तर त्याच्याखालचा पृष्ठभाग नीट तयार केलेला नसतो म्हणून. धूळ, तेल, गंज, सुटलेला जुना रंग, काहीही राहिलं की वरचा थर पोपडे होऊन निघतो. थोडक्यात, घासा!

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी बाल्कनीत हजर. हात बसावा म्हणून सुरुवात आतल्या बाजूनं करायचं ठरवलं. आत कोण बघतंय? आतून कपाटाला रंगच नव्हता, नुसतं लाकूड होतं आणि त्यावर पुराच्या चिखलाचे डाग. कोरं लाकूड, म्हणजे शिशाची भीती नाही. मी खालच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला ८० नंबर लावला आणि सुरू झाले. डागांबरोबर काही पेन्सिलच्या रेघाही होत्या. सुतारानं माप घेताना मारल्या असतील असं वाटलं. वीस मिनिटांत दार आतून लख्ख झालं. सागाचा तो सोनेरी रंग बाहेर आला आणि तेलकट, चामड्यासारखा वास सुटला. मी इतकी खूश झाले की आजीला हाक मारली.

आजी हळूहळू आली. दारासमोर वाकली. मला वाटलं आता कौतुक करणार. तिनं त्या दाराच्या मधोमध बोट ठेवलं आणि आडवं फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

"इथे लिहिलेलं होतं," ती म्हणाली.

"पेन्सिलचं? ते काढलं मी. घाण झालं होतं ना सगळं."

"ह्यांचं अक्षर होतं ते."

आणि मी, कॉन्व्हेंटची हुशार मुलगी, विचारलं, "ह्यांचं म्हणजे कुणाचं?"

आजी काही बोलली नाही. पदराला हात पुसत आत गेली. त्या रात्री भूक नाही म्हणून ती जेवली नाही.

बाबांनी मला नंतर सांगितलं. २००५ च्या पुरात पाणी घरात गुडघ्यापर्यंत आलं होतं. ते उतरल्यावर आजोबांनी कपाट साफ केलं आणि दाराच्या आत, जिथवर पाणी चढलं होतं तिथे, पेन्सिलनं रेघ मारून लिहिलं, '२६-७-०५. पाणी इथवर.' एवढंच. मी म्हटलं, पण आजोबांचं अक्षर दुसरीकडे असेल ना? पत्रं, वह्या, काहीतरी? बाबा जरा वेळ गप्प बसले. हॉस्टेलला असताना आजोबांनी त्यांना लिहिलेली सगळी पत्रं त्यांनी चिपळूणलाच पेटीत नेऊन ठेवली होती. जमाखर्चाच्या वह्याही तिथेच. २०२१ मध्ये सगळ्याचा लगदा झाला.

आता मी केमिकलची विद्यार्थिनी असल्याचा काय उपयोग, तर मला हे नीट समजत होतं. पेनची शाई पाण्यात विरघळते, पसरते, जाते. पण पेन्सिलमध्ये ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून पेटीतली सगळी पत्रं गेली आणि दारावरचे ते दोन शब्द कपाट उलटून, तरंगून, चिखलात पडूनही राहिले. जे पुरानं पुसलं नाही ते मी वीस मिनिटांत पुसलं. तेही नीट, आडवे-उभे हात मारून, चॅप्टरमध्ये सांगितल्याप्रमाणे.

कॉम्प्युटरवर काही चुकलं तर कंट्रोल-झेड असतं. प्रॅक्टिकल चुकलं तर सर पुन्हा करायला सांगतात. के.टी. लागली तरी पुढच्या वेळी पेपर देता येतो. मला वाटतं, ज्याला 'पुन्हा' नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी केलं होतं.

रात्री झोप येईना. आजी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, की नव्हती, कळत नव्हतं. दीड वाजता मी उठून बाल्कनीत गेले. कुठेतरी वाचलं होतं की कागदावरचं खोडलेलं अक्षर बघायचं असेल तर प्रकाश समोरून नाही, अगदी आडवा टाकायचा. लिहिताना पेन्सिल दाबली जाते, त्याची खोबण राहते, आणि आडव्या प्रकाशात खोबणीत सावली पडते. मी मोबाईलचा टॉर्च दाराला चिकटवून धरला आणि इंच इंच सरकवला. अक्षरं गेली होती. '०५' मधल्या पाचाचं पोट असावं असं एक वळण दिसलं, पण ते लाकडाच्या रेषाही असू शकतात. एक गोष्ट मात्र नक्की दिसली. आडवी रेघ. आजोबांनी ती पट्टी धरून, दाबून मारली असणार. केसाइतकी बारीक खोबण, जवळजवळ फूटभर लांब.

"काय करत्येस गो?" मागे आजी उभी.

मला रडूच आलं. सॉरी म्हटलं, परत म्हटलं, मराठीत सॉरीला काय म्हणतात ते आठवेना. आजीनं स्टूल ओढलं आणि बसली. मी तिचं बोट धरून त्या खोबणीवर ठेवलं. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती पण नखाला लागत होती. तिनं ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली.

"रेघ आहे की," ती म्हणाली.

"पण अक्षर गेलं ना."

"अक्षर गेलं," ती म्हणाली. तिनं मला खोटंच बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आत रंग मारू नकोस हो. आत कधीच मारलेला नाही. दुधाला वास लागतो."

म्हणजे काम बंद करायचं नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून आजी स्टूल घेऊन बाल्कनीत यायला लागली. मी घासायचे, ती बघायची. आणि मग हळूहळू बोलायला लागली. बाहेरचा रंग पाणी लावून घासताना खालचे थर एकेक करून बाहेर येत होते. सगळ्यात वर पिस्ता. "हा ह्यांनी दिलेला, पूर गेल्यावर," आजी म्हणाली. त्याच्याखाली पुन्हा पिस्ता, पण जरा फिका. तो १९९४ चा, आत्याच्या लग्नातला. त्याखाली आकाशी. १९७९, बाबांची मुंज. मांडवाला लावायच्या खांबांसाठी आणलेला रंग उरला होता म्हणून कपाट आकाशी झालं! त्याखाली तांबडा रेड ऑक्साइड, तो तिच्या सासूबाईंच्या वेळचा. एका कोपऱ्यात मी मुद्दाम सगळे थर पायऱ्यांसारखे उघडे केले, जसे जिऑलॉजीच्या पुस्तकात खडकांचे असतात. आजी प्रत्येक पायरीवर बोट ठेवून सांगत होती. कोण आलं होतं, काय केलं होतं, कोण रुसलं होतं. मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं इतकं घर त्या चार दिवसांत ऐकलं.

पाय मात्र वाईट अवस्थेत होते. वाट्यांतल्या पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहून दोन पायांची टोकं आधीच कुजली होती, पुरानं उरलेलं काम केलं. त्यासाठी सोसायटीच्या मागच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी कुजलेला भाग कापून तिथे सागाचेच तुकडे जोडले आणि हातासरशी ढिले झालेले सांधेही पक्के केले. मी भेगांमधे लांबी भरली, वाळल्यावर घासली, प्रायमरचा हात दिला.

रंग कोणता, हा प्रश्न आलाच. मी तोपर्यंत पांढऱ्याचा विचार सोडून दिला होता. आजीला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या किचनला शोभेल तो." मी म्हटलं, "तुला कुठला हवाय ते सांग." बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "पिस्ता मिळतो का अजून?"

मिळतो!

आजीची एकच घाई होती. मृग लागायच्या आत रंग झाला पाहिजे. हे मला आधी अंधश्रद्धेसारखं वाटलं. मग लक्षात आलं, बरोबर आहे. ऑइल पेंट दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं आणि हाताला कोरडा लागतो. पण खरं काम त्यानंतर. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक जाळं तयार होतं. याला काही दिवस लागतात. हवेत ओल असली, लाकडात ओल असली, तर सगळंच लांबतं, वर चकाकी येत नाही, खाली फुगे धरतात. आजीला पॉलिमरायझेशन माहीत नाही, पण मृग माहीत आहे. दोघींचं उत्तर सेम आलं.

तरी पहिला हात मी बिघडवलाच. ब्रश भरभरून घेतला, तर दारांवर ओघळ आले. एक माशी चिकटून बसली. एका बाजूला ब्रशचे केस. मी वैतागून सगळं पुसायला निघाले, तेव्हा आजीनं थांबवलं. "पहिला हात असाच दिसतो. वाळू दे. मग हलका कागद मार आणि दुसरा हात दे. रंग दुसऱ्या हाताला दिसतो."

पहिला हात वाळेपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी आजीनं मला पेन्सिल आणायला सांगितली. साधी नाही, सुताराची चपटी. आम्ही दोघी त्या डाव्या दारासमोर बसलो. "लिही," ती म्हणाली. "रेघेवर लिही. सव्वीस, सात, शून्य पाच. पाणी इथवर."

मी म्हटलं, "मी लिहू? माझं अक्षर... तू लिही ना."

"मी लिहून काय करू? ज्यानं पुसलं त्यानं लिहायचं."

हे ती रागानं म्हणाली नाही. हिशोब सांगतात तसं म्हणाली. मी लिहिलं. देवनागरी आकडे दहावीनंतर पहिल्यांदा लिहीत होते. सहा उलटा की सुलटा याचा दोनदा विचार केला. आजोबांचं अक्षर कसं होतं हे मला माहीत नाही, त्यामुळे त्याची नक्कल करण्याचा प्रश्नच नव्हता. ते माझंच वाकडंतिकडं अक्षर आहे आणि ते तसंच दिसतं. त्याखाली आजीनं मला एक ओळ जास्त लिहायला लावली, 'रेघ आजोबांची, अक्षर नातीचं.' पुढे कुणी वाचलं तर उगाच गैरसमज नको, म्हणाली.

मग मी विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा. "आणि दुसऱ्या वेळी, आजी? तेव्हा किती आलं होतं?"

मला वाटलं, ती उठून जाईल. पण ती बोलली. पहाटे जाग आली तेव्हा पलंगावरून खाली टाकलेला पाय पाण्यात पडला ते. देवघरातले देव पिशवीत घातले ते. लाइट गेलेली, शेजारच्या मुलानं तिला अक्षरशः उचलून जिन्यावर चढवलं ते. आणि माडीच्या अंधारात बसून तिला खालून एक आवाज येत होता, धप्... धप्... भिंतीवर काहीतरी आदळल्यासारखा. "मला कळलं होतं, फडताळ आहे ते," ती म्हणाली. "इतकी वर्षं एका जागी उभं असलेलं. ते हललंय म्हटल्यावर मला वाटलं, आता काही राहात नाही." रात्रभर नव्हे, दुसऱ्या दिवशीही बराच वेळ तो आवाज येत होता. कपाट तरंगत होतं म्हणून २०२१ च्या पाण्याची रेघ त्याच्यावर उमटलीच नव्हती. ती घराच्या भिंतीवर होती.

"भिंतीवर चिखलाची रेघ इथे होती," म्हणून तिनं आपल्या खांद्याला हात लावला. मी तिला कपाटाला टेकून उभं केलं आणि जमिनीपासून टेप लावला. फोर्टी नाइन इंच. "एकोणपन्नास," आजी म्हणाली. जाळीच्या दारामागच्या फळीच्या वर, कपाटाच्या आतल्या बाजूला मी रेघ मारली आणि लिहिलं, '२२-७-२१. पाणी इथवर. ५९ इंच.'

आजीनं चष्मा सारखा केला, वाचलं आणि म्हणाली, "अगो, दहा इंच पूर वाढवलास!"

आणि ती हसायला लागली. मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही दोघी त्या बाल्कनीत हसत होतो. आई बघायला आली तर आम्हाला धड सांगताही येईना. पाच खोडून मी चार केला. ती खाडाखोड अजून तिथे आहे.

दुसरा हात ४ जूनला दिला. आजी म्हणाली तेच खरं, रंग दुसऱ्या हाताला दिसला. गंजलेली जाळी काढून नवीन जस्ताची बसवली. तीन दिवसांनी मृग लागला, पाऊस त्याच्या सोयीनं आला, पण आमचा रंग वाळला होता. आईनं स्वतःहून किचनमधलं एक रॅक हलवून जागा केली. पिस्ता रंगाचं ते कपाट आमच्या ग्रे रंगाच्या ट्रॉल्यांशेजारी अजिबात मॅच होत नाही. आल्यागेल्याला पहिलं तेच दिसतं.

आजीनं पायांखाली दगडी वाट्या मांडल्या आणि पाणी भरलं. बाबा म्हणाले, "आई, चौथा मजला आहे. इथे कशाला?" आजी म्हणाली, "मुंग्यांना लिफ्ट लागत नाही."

मला कुणी विचारलं की कपाट कसं रंगवायचं, तर मी सगळं सांगू शकते. कुठला नंबर आधी, कुठला नंतर, लांबी किती, टर्पेंटाइन किती. पण त्याच्याआधी एक पायरी आहे, जी आमच्या चॅप्टरमध्ये नव्हती. घासायला सुरुवात करण्यापूर्वी ज्याचं ते आहे त्याला विचारायचं, की यातलं काय ठेवायचंय. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही, आणि त्याची किंमत मी नाही, आजीनं दिली.

आजोबांचं अक्षर आता कुठेच नाही. आजी आणि मी आता खूप बोलतो, चिपळूणबद्दल, पुराबद्दल, कशाबद्दलही, आणि लोक म्हणतात, बघ, चुकीतून चांगलंच झालं ना! मला तसं म्हणवत नाही. चांगलं झालं ते झालं, गेलं ते गेलं, दोन्ही वेगवेगळे हिशोब आहेत. रात्री पाणी प्यायला किचनमध्ये गेले की कधी कधी मी ते खालचं डावं दार उघडते आणि नखानं ती रेघ चाचपून बघते. आहे अजून.

— टी. ई. (केमिकल)